सीमेच्या अलीकडे, सीमेच्या पलीकडे
सिंधुदुर्गात राहावे की गोव्यात?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे एकच प्रश्न ठेवण्यात आला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? वेगळे राहण्याच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१ मते पडली, तर विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. पेडणे, डिचोली या सीमेलगतच्या भागांचा कल तेव्हा महाराष्ट्राकडे होता. नेमक्या त्याच सीमेच्या अलीकडच्या बाजूने, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातून, बरोबर एकावन्न वर्षांनी म्हणजे २०१८ मध्ये उलटी मागणी पुढे आली: आम्हाला गोव्यात घ्या! राज्य पुनर्रचनेच्या इतिहासात या मागणीला फारसे स्थान मिळणार नाही. तिचा पाठपुरावाही नेटाने झाला नाही. पण ती का निघाली, हे समजून घेण्याजोगे आहे. दोन शेजारी राज्यांपैकी राहण्यास कोणते बरे, हा एरवी गप्पांचा विषय. या पट्ट्यात मात्र तो मुलाची नोकरी, आईचे औषधपाणी आणि लेकीचा वाटा यांच्याशी जोडलेला आहे.

राज्यांची तुलना करताना सहसा दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे केला जातो. तो निकष लावला तर निकाल एका ओळीत लागतो. गोव्याचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या दुपटीच्या आसपास आहे आणि देशातील सर्वांत वरच्या राज्यांत गोव्याची गणना होते. परंतु महाराष्ट्राच्या आकड्यात मुंबई, ठाणे, पुणे आहेत आणि गडचिरोली, नंदुरबारही आहेत. अकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्याची सरासरी बांद्याच्या माणसाला स्वतःविषयी काहीच सांगत नाही. त्यामुळे खरी तुलना करावयाची तर ती गोवा आणि सिंधुदुर्ग यांची करावी लागेल. दोन्हींची माती एक, पाऊस एक, ताटातील भात आणि माशाची आमटी एक. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्याआधी आजच्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे धनी एकच होते. आजही सोयरिकी सीमा ओलांडून होतात. मालवणी बोलणारा पेडण्यात गेला तर त्याला परक्यासारखे वाटत नाही.

आकारमानाने सिंधुदुर्ग मोठा आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तर अख्ख्या गोव्याचे ३,७०२. किनारपट्टी सिंधुदुर्गाची १२१ किलोमीटर, गोव्याची सुमारे १०५. लोकसंख्येचे चित्र मात्र उलटे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात १४ लाख ५८ हजार माणसे राहत होती, सिंधुदुर्गात ८ लाख ४९ हजार. आधीच्या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या आठ टक्क्यांनी वाढली आणि सिंधुदुर्गाची एकोणीस हजारांनी घटली. देशभर लोकसंख्यावाढीची चिंता वाहिली जात असताना या जिल्ह्यातील माणसे कमी होत होती. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा सिंधुदुर्गाचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्यामागे मुंबईला गेलेल्या पुरुषांची गैरहजेरीही आहे, हे सांगितले जात नाही. कोणते ठिकाण राहण्यास बरे, याचा कौल माणसे मतपेटीपेक्षा पायांनी अधिक स्पष्ट देतात. तो कौल या आकड्यांत आहे.

असे का व्हावे? उत्तर अनेकांगी आहे, पण त्यातील एक अंग सहसा दुर्लक्षिले जाते. गोव्याच्या विधानसभेत चाळीस आमदार आहेत. म्हणजे सरासरी साडेछत्तीस हजार माणसांमागे एक. महाराष्ट्रात २८८ आमदार असून एकामागे सरासरी तीन लाख नव्वद हजार माणसे येतात. सिंधुदुर्गाच्या वाट्याला कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीनच मतदारसंघ आहेत. गोव्याचे प्रमाण लावले तर या जिल्ह्याला तेवीस आमदार मिळाले असते! गोव्यातील आमदार आपल्या मतदारसंघातील बहुतेक घरे नावानिशी ओळखतो. बाराव्याला आणि लग्नाला तो हजर असतो, आणि वाड्यावरचा नळ कोरडा पडला तर त्याला घरी जाऊन विचारता येते. यातून वशिलेबाजी, सरकारी नोकरभरतीचा फुगवटा आणि पक्षांतराचा बाजारही वाढला, हे गोवेकर स्वतःच सांगतात. तरीही सत्ता हाकेच्या अंतरावर असण्याचा फायदा रस्ता, वीज, पाणी आणि दवाखान्यात दिसतो. दोडामार्गहून पणजी तास-सव्वा तासाच्या वाटेवर आहे, मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा दोडामार्गकराच्या दृष्टीने सरकार आणखी एक मुक्काम लांब जाते.

न्यायदानाचे उदाहरण याहून बोलके आहे. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचेच खंडपीठ १९८२ पासून आहे आणि आता ते पर्वरीला नव्या इमारतीत भरते. सावंतवाडीपासून ते फार तर दीड तासावर. पण सिंधुदुर्गातील पक्षकाराला त्याच उच्च न्यायालयाकडे दाद मागण्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आला. अंतर कमी झाले खरे, पण घाट चढावा लागतोच. शिक्षणाचेही तेच. गोव्याला स्वतःचे विद्यापीठ आहे, सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. विशेष म्हणजे दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. हुशार मुले तयार करायची आणि ती दुसऱ्यांना द्यायची, हा या जिल्ह्याचा जुना व्यवहार. पूर्वी ती मुंबईच्या गिरण्यांना दिली, आता गोव्याच्या औषध कंपन्यांना आणि हॉटेलांना दिली जातात.

पहाटे सीमेवर उभे राहिले तर हा व्यवहार डोळ्यांनी पाहता येतो. बांदा, सातार्डा, दोडामार्ग येथून दुचाक्यांची रांग गोव्याकडे निघते. हेल्मेटखाली कानटोपी आणि पाठीला डबा. कोणी तुये किंवा करासवाड्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो, कोणी थिवीला, पिळर्णला, तर कोणी थेट वेर्ण्यापर्यंत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिकडचीही वर्दळ वाढली आहे. सिंधुदुर्गाचा स्वतःचा चिपी विमानतळ त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला होता. पण तेथील सेवा कधी चालू, कधी बंद अशी राहिली आणि मोपाची धावपट्टी बांद्याहून अधिक जवळ पडते. रोज येऊन-जाऊन साठ-ऐंशी किलोमीटर, पावसाळ्यात रेनकोटातून झिरपणारे पाणी, रात्रपाळी संपवून परतताना डोळ्यांवर येणारी झापड, आणि महामार्गावरचे अपघात. एवढे सोसून हा तरुण गोव्यातच का राहत नाही, असे कोणी विचारील. उत्तर घरभाड्यात आहे. पर्यटकांसाठी बांधलेल्या आणि दिल्ली-मुंबईच्या धनिकांनी दुसरे घर म्हणून घेतलेल्या सदनिकांनी बार्देश तालुक्यातील जागेचे भाव असे चढवले, की कंत्राटी कामगाराच्या पगारात तेथे दोन खोल्याही परवडत नाहीत. पगार गोव्याचा आणि चूल सिंधुदुर्गातली, हे समीकरण त्यातूनच जन्मले. खुद्द गोव्यातील तरुणालाही आपल्या गावात जमीन घेणे जड झाले आहे. समृद्ध राज्यात राहणे आणि समृद्धीत राहणे या भिन्न गोष्टी आहेत.

हे समीकरण किती नाजूक आहे, ते मार्च २०२० मध्ये कळले. टाळेबंदीत सीमा बंद झाली आणि एरवी केवळ पाटीपुरती जाणवणारी राज्याची हद्द पोलिसांच्या अडथळ्यांच्या रूपाने रस्त्यात उभी राहिली. काही कामगार गोव्यात अडकले, काही घरी बसले. पुढे मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार गोव्यात प्रवेशासाठी करोना नसल्याचा दाखला सक्तीचा झाला. रोज कामावर जाणाऱ्याने दाखला किती वेळा काढायचा, या प्रश्नावर तेव्हा सीमेवर बरीच हमरीतुमरी झाली. गोवा हे पोट भरण्याचे ठिकाण असले तरी तेथे आपण पाहुणे आहोत, याची जाणीव त्या दिवसांनी करून दिली.

आरोग्यसेवेच्या बाबतीत ही जाणीव आधीच झाली होती. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘गोमेकॉ’, ही १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारी संस्था. सिंधुदुर्गात मोठा अपघात झाला, बाळंतपण अडले, डोक्याला मार लागला, की रुग्णवाहिकेचे तोंड दक्षिणेकडे वळते. जिल्हा रुग्णालयातूनही ‘बांबोळीला न्या’ असा सल्ला मिळणे नवे नाही. अनेक दशके तेथे परराज्यातील रुग्णांवरही मोफत उपचार होत. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बिगरगोमंतकीयांना शुल्क लागू केले आणि दोडामार्ग, सावंतवाडीत संताप उसळला. गोव्यात सामील करून घेण्याची मागणी याच वातावरणात पुढे आली, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. त्या मागणीत अस्मिता फारशी नव्हती. खाटेची, डॉक्टरची आणि बिलाची चिंता होती.

अर्थात गोव्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. रुग्णालय गोव्याच्या करदात्यांच्या पैशावर चालते आणि खाटा मर्यादित आहेत. गोव्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. लाभ रहिवाशांनाच. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पुढे दीड लाखांवरून पाच लाखांवर नेली. कागदावर महाराष्ट्राचे कवच आज अधिक जाड आहे. पण विमा कार्डाने मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी जवळपास शल्यविशारद लागतो. सिंधुदुर्गाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२१ च्या अखेरीस. ते बांबोळीच्या तोडीचे होण्यास किती काळ लागेल, यावर पुढच्या पिढीचा निवाडा बराचसा अवलंबून राहील.

दैनंदिन खर्चाच्या गोष्टी लोकांच्या तोंडी अधिक असतात, म्हणून त्याही पाहून घेऊ. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील कर जवळपास शून्यावर आणला आणि दर एकदम अकरा रुपयांनी उतरला. पुढे कर पुन्हा वाढला, पण महाराष्ट्रापेक्षा गोव्यातील पेट्रोल आजही स्वस्त आहे. त्यामुळे बांदेकर टाकी भरतो ती पत्रादेवीला. घरगुती विजेचे दर गोव्यात कितीतरी कमी आहेत. मद्याची स्वस्ताई सांगण्याची गरज नाही. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पकडल्या जाणाऱ्या खोक्यांच्या बातम्या ती दर आठवड्याला सांगतात. महिलांच्या मानधनात मात्र दोन्ही राज्ये आता बरोबरीला आली आहेत. गोव्याची गृहआधार योजना महिना दीड हजार देते आणि जुलै २०२४ पासून महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेची रक्कमही तितकीच ठरली. मासळी आणि भाजीपाला यांचे भाव पर्यटकांमुळे गोव्यात चढे. बांद्याकडे पिशवी घेऊन येणारे गोव्याचे गिऱ्हाईकही कमी नाही.

या सर्वांपेक्षा खोल फरक कायद्यात आहे, आणि तो विवाहाच्या नोंदणीपासून सुरू होतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही कायम राहिला. वारसाविषयक तरतुदी आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आल्या आहेत, पण गाभा तोच. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि पत्नी पहिल्या दिवसापासून निम्म्याची मालकीण ठरते. घर किंवा जमीन विकायची तर तिची सही लागतेच. आईबापांना आपल्या मालमत्तेपैकी निम्म्याहून अधिक मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येत नाही. उरलेले मुलामुलींना समान जाते. मुलीला वगळणे सोपे नाही.

सीमेच्या अलीकडे हिंदू वारसा कायदा चालतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला होता. राज्याने याचे श्रेय अवश्य घ्यावे. पण स्वकष्टार्जित मालमत्ता बाप मृत्युपत्राने हव्या त्याच्या नावे करू शकतो. संसारात उभ्या राहिलेल्या घरावर पत्नीचा आपोआप मालकी हक्क नाही, तो नवऱ्याच्या पश्चात वारस म्हणून येतो. आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. गोव्यातही बहिणी भावासाठी हक्क सोडतात. कायदा कितीही चांगला असला तरी माहेर तुटण्याची भीती तिकडेही आहे. तरीही नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा झालेल्या स्त्रीच्या नजरेतून पाहिले तर पलीकडची बाजू अधिक सुरक्षित, असे म्हणावेच लागेल. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कोठेही असली तरी तिच्या वारसाला गोव्याचाच कायदा लागू होतो. म्हणजे म्हापशाच्या गृहस्थाने सावंतवाडीत घेतलेल्या घराच्या वाटण्या त्याच्या सावंतवाडीच्या शेजाऱ्याच्या घरासारख्या होणार नाहीत. भिंत एक, कायदे दोन.

इतिहासाने टाकलेली आणखी एक रेषा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तेथील नागरिकत्व मिळवता येते. ओढ्याच्या पलीकडे जन्मलेल्या आजीच्या नातवाने त्या आधारावर पारपत्र काढले आणि तो इंग्लंडमध्ये कामाला लागला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० अखेर तो मार्ग अरुंद झाला, पण युरोपातील इतर देश खुले आहेत. अलीकडच्या आजीच्या नातवाला ही सोय नाही. तो पत्रादेवी ओलांडून वेर्ण्याला जातो. अर्थात परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व गमवावे लागते, आणि गोव्यातील कित्येक घरांना लागलेली कुलुपे ही त्याचीच किंमत आहे. कुलुपांच्या बाबतीत सिंधुदुर्गही मागे नाही. तेथील किल्ल्या लालबाग-परळला आणि डोंबिवलीला असतात, एवढाच फरक.

मग सिंधुदुर्गातील कुटुंबाने गोव्यात जाऊन स्थायिक व्हावे काय? येथे दाराची कडी लागते. गोव्यातील सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान लागते. अनेक कल्याणकारी योजनांनाही रहिवासाची अट आहे. भाषेची अडचण सिंधुदुर्गकराला फारशी नाही, कारण मराठी तेथे शाळांत, वृत्तपत्रांत, देवळांत आणि रंगमंचावर पूर्वीपासून नांदते. अडचण पंधरा वर्षांची आहे. एवढा काळ भाड्याच्या खोलीत काढायचा, आणि दरम्यान गावातील काजूची बाग व सातबारा कोणी सांभाळायचा? जमीन विकून पलीकडे घ्यावी तर येथील दहा गुंठ्यांच्या पैशात तेथे एक गुंठा येणेही कठीण. शिवाय २०२३ च्या कायद्यानंतर गोव्यातील शेतजमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. महाराष्ट्रात कूळकायद्याने हे बंधन पूर्वीपासूनच आहे.

आणि देणेघेणे एकाच दिशेने होते, असेही नाही. दोडामार्ग तालुक्यातील तिलारी धरण हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० च्या करारानुसार पाण्यात आणि खर्चात सुमारे तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा आहे. पेडणे, डिचोली, बार्देशच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच डोंगरातून येतो. तिलारीचा कालवा फुटला की पर्वरीच्या सदनिकांत बादल्या वाजू लागतात. त्या पाण्याखाली गावे गेली ती मात्र सिंधुदुर्गाची. नोकरीच्या आशेवर राहिलेल्या प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि शेवटी एकरकमी मोबदल्यावर त्यांची बोळवण झाली. बांबोळीला शुल्क आकारले जाऊ लागले, तेव्हा ‘आमचे पाणी चालते, मग आमचा रुग्ण का चालत नाही?’ असा सवाल दोडामार्गच्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक होते.

त्यातल्या त्यात हिशेब मांडायचाच तर तो वयाप्रमाणे मांडावा लागतो. नोकरी शोधणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला गोवा हवा. संसार मांडणाऱ्या मुलीला पलीकडचा कायदा बरा. रात्री-अपरात्री आजारी पडणाऱ्या म्हाताऱ्याला बांबोळी जवळ असलेली बरी. पण शांतपणे राहण्यासाठी, अंगणात आमसुले वाळत घालण्यासाठी, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांपासून आणि पहाटे तीनपर्यंत चालणाऱ्या संगीतापासून दूर निजण्यासाठी सिंधुदुर्गच हवा, हे आता गोव्याच्या किनाऱ्यावरील लोकही मान्य करतात. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात पर्यटन रेंगाळले, याची खंत तेथील पुढारी व्यक्त करतात. कळंगुट पाहून आलेल्या मालवणच्या माणसाला तेवढी खंत वाटतेच, असे नाही.

दरम्यान, बांद्याच्या बाजारातील दुकानांपुढे एमएच-०७ आणि जीए क्रमांकाच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ वापरलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी, असा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. रोज दोन्ही राज्यांत चालणाऱ्या दुचाकीचे वर्ष कोठे मोजायचे, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.